ताईचा गुरुवारचा फॅक्स

माझे कान गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. ते एकदम गेले नाहीत, दोन-अडीच महिने घेतले. फुफ्फुसात क्षय निघाला होता आणि त्यावर रोज एक इंजेक्शन घ्यायचं होतं. क्षय बरा झाला, कान गेले. काही लोकांना या औषधानं असं होतं, हे डॉक्टरांनी मला नंतर कागदावर लिहून दिलं. त्या काही लोकांत मी निघालो.

इंजेक्शन द्यायला ताई होती. माझी मोठी बहीण तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका नर्सिंग होममध्ये नर्स होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून घरी आली की हात धुवायची, सुई उकळायची आणि मला पालथं झोपायला सांगायची. बाहेरून कोणाला बोलवायची गरज नव्हती. घरातच सोय आहे याचं आईला फार समाधान होतं.

कानांबरोबर माझा तोलही गेला. बरेच महिने मी पाटणकर बाजारातून भिंतीला हात लावत चालायचो, आणि ओळखीचे लोक आईला भेटून सहानुभूतीनं विचारायचे की मुलगा पिऊ कधीपासून लागला. तोल नंतर बराचसा परत आला. कान आले नाहीत.

मग मी ओठ वाचायला शिकलो. लोकांना वाटतं ते अगदी अचूक असतं. ते तसं नसतं. बाबा, मामा आणि पापा ओठांवर अगदी सारखे दिसतात. त्यात आमच्याकडचा मराठी माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि मध्येच हिंदीत शिरतो. ‘मी काल येणारच होतो, पण फिर ऐसा हुआ की’ असं कोणी म्हटलं की मी ‘पण’पर्यंत त्याच्याबरोबर असतो, पुढे तो एकटाच जातो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचं मला जास्त कळायचं. ते माझ्याशी कमी बोलायचे, ही गोष्ट वेगळी.

बोलायला मला येत होतंच, फक्त आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नव्हतं. आई तळहात खाली दाबल्यासारखा करायची, मग मी आवाज कमी करायचो. अवघड काही सांगायचं असलं की ती कागदावर लिहायची. घरात पाठकोरे कागद भरपूर होते. मी घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल जुळवायचो, हिंदी आणि मराठी दोन्ही. त्या कामाला कान लागत नाहीत.

वडील आधीच गेले होते. ताई लग्न होऊन सोलापूरला गेली. घरात आई आणि मी. पुढच्या खोलीत फोन होता आणि तो आईचा होता, कारण तो फक्त तिला ऐकू यायचा. ताईचा फोन दर रविवारी यायचा. आई वीस-वीस मिनिटं बोलायची. मी समोर बसून तिचा चेहरा पाहायचो. कधी तिच्या भुवया वर जायच्या, कधी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, कधी नुसतं ऐकत राहायची. मग फोन ठेवून माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, “बरी आहे.”

मी विचारायचो, “एवढा वेळ काय म्हणत होती?”

“तेच म्हणत होती. बरी आहे म्हणून.”

अशी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत ताई ग्वाल्हेरला एकदाही आली नाही. कधी मुलीचं आजारपण, कधी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. राखीबरोबर एकदोनदा पत्र आलं, तेही चार ओळींचं. माझी उत्तरंही चारच ओळींची असायची. ताई स्वभावानंच कमी लिहिते, असं मी धरून चाललो होतो.

फॅक्स मी ताईसाठी घेतला नाही. झाशीच्या एका छापखान्याचं काम मला मिळालं होतं आणि त्यांना प्रुफं फॅक्सनं हवी होती. वेगळं यंत्र घेण्यापेक्षा कॉम्प्युटरमध्येच एक कार्ड बसवलं की काम होतं, असं मी वाचलं होतं. भिंतीतली टेलिफोनची वायर कार्डात घालायची, कार्डातून दुसरी वायर फोनला न्यायची. पाठवायचा कागद स्कॅनरवर ठेवायचा. आलेला कागद कॉम्प्युटर घेतो आणि प्रिंटर छापतो. कार्ड घ्यायला मी इंदरगंजच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं ते डब्यातून काढून दाखवलं आणि सावकाश म्हणाला, “लगाने के बाद सीटी की आवाज़ आए तो समझिए ठीक है.”

मी म्हणालो, “मुझे सुनाई नहीं देता.”

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, “तो फिर स्क्रीन देखिए.”

सल्ला बरोबर होता. कार्ड बसवलं, प्रोग्राम घातला आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. दुपारी कधीतरी कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात इंग्रजीत आलं, रिंगिंग. मी मान वळवून पाहिलं तर आई स्वयंपाकघरातून हात पुसत पुढच्या खोलीकडे चालली होती. म्हणजे खरंच वाजत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा फोन वाजलेला मला आईच्या आधी कळला होता. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, “मग उचलायचा होतास,” आणि लगेच तिच्या लक्षात आलं.

आता हे चालतं का ते तपासायचं होतं. झाशीला पहिल्याच दिवशी काहीतरी चुकीचं जाऊन चालणार नव्हतं. ताईच्या सोलापूरच्या घराखाली एसटीडी, झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना ताई खालच्या वहिनी म्हणायची. त्यांचा नंबर आईच्या वहीत होता, ताईच्या घरचा फोन बिघडला तर असावा म्हणून. मी एका कागदावर लिहिलं, ‘ताई, हा फॅक्स मी घरच्या कॉम्प्युटरवरून पाठवतो आहे. मिळाला तर याच नंबरवर उत्तर पाठव. आमच्याकडे ठीक.’ कागद स्कॅनरवर ठेवला. स्क्रीनवर डायलिंग आलं, मग कनेक्टेड, मग पान एकपैकी एक. मग चौकट मिटली. मिनिटभरात सगळं झालं. आपण आत्ता सोलापूरला फोन लावला होता, हे माझ्या डोक्यात यायला थोडा वेळ लागला.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर रिंगिंग आलं, दोनदा लुकलुकलं आणि गेलं. पुढच्या खोलीत आई फोन कानाला लावून उभी होती. फोन ठेवून ती म्हणाली, “ताई होती. बरी आहे.” दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही. ताईनं आठवड्यात तीनदा फोन करावा आणि तिन्ही वेळा ती बरीच असावी, हे मला जरा जास्त वाटलं.

कॉम्प्युटर चार घंट्यांनंतर फोन उचलेल असं मी ठरवून दिलं होतं. आई दुसऱ्या घंटीला उचलायची. वयाच्या मानानं तिची चपळाई चांगली होती. मग मी ते बदलून एका घंटीवर आणलं. त्यामुळे दिवसभर येणारा प्रत्येक फोन कॉम्प्युटरनं उचलला आणि समोरच्या माणसाच्या कानात शिट्टी मारली. संध्याकाळी आईच्या भजनी मंडळातल्या तीन बायका घरी आल्या. त्यातली एक माझ्यासमोर बसून, मला कळावं म्हणून तोंड खूप मोठं उघडत म्हणाली, “तुमच्या फोनमध्ये कोणी बदमाश घुसला आहे. आम्ही हॅलो म्हटलं की सीटी मारतो.” मी चार घंट्यांवर परत गेलो.

भजनी मंडळ मात्र मला उपयोगी पडलं. दर गुरुवारी पाच ते सात आई दत्ताच्या देवळात भजनाला जायची. त्या दोन तासांत घरातला फोन कॉम्प्युटरच्या ताब्यात असू शकत होता. मी ताईला दुसरा फॅक्स केला, ‘गुरुवारी पाच ते सात पाठव. आई घरी नसते.’ पाठवून झाल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. पस्तिशीचा माणूस आईला चुकवून सख्ख्या बहिणीशी बोलायची वेळ ठरवत होता. मी कागद फाडून टाकला. फॅक्स गेलेलाच होता.

गुरुवारी आई पावणेपाचला निघाली. मी एका घंटीची व्यवस्था केली आणि स्क्रीनसमोर बसलो. पाच वाजून दहा मिनिटांनी रिंगिंग आलं. कॉम्प्युटरनं फोन उचलला. पान एक. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. आमच्या प्रोग्रामची पद्धत अशी होती की सगळा फॅक्स येईपर्यंत तो काहीच दाखवायचा नाही. पान दोन. मला वाटलं होतं एक पान येईल. पान तीन. पट्टी थोडी पुढे सरकली आणि लाईट गेली.

मे महिना होता, लाईट जाण्यात नवल नव्हतं. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. ताईनं पाठवलेली दोन पानं आणि आणखी काही ओळी त्या पेटीत होत्या, किंवा नव्हत्या. वीज गेल्यावर आलेलं राहतं की जातं हे मला माहीत नव्हतं. मी खिडकी उघडली आणि परत तिथेच येऊन बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सव्वासातला आई आली तरी लाईट आली नव्हती. तिनं माझ्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला, मेणबत्ती लावली आणि वारा येतो म्हणून माझ्याच खोलीत खिडकीजवळ बसली. खिडकीजवळ प्रिंटरही होता. तासाभरानं लाईट आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, बराच वेळ स्वतःची तपासणी करत बसला, आणि मग मी कशालाही हात लावायच्या आत प्रिंटरनं कागद ओढला. आलेला फॅक्स छापायचा, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

पहिलं पान आईच्या शेजारी पडलं, ते तिनं उचलून मला दिलं. त्यात घरचंच होतं. मुलीची शाळा, सासूबाईंचा गुडघा. मग लिहिलं होतं, ‘मी तीनदा फॅक्स लावला. तिन्ही वेळा आईनं उचलला. मी म्हटलं, आई, फोन ठेव, फॅक्स पाठवायचाय. ती म्हणाली, काय पाठवायचं ते मला सांग, मी सांगते त्याला.’

मी मान वर केली तेव्हा दुसरं पान आईच्या हातात होतं. चष्मा लावून ती वाचत होती. आईला मनात वाचता येत नाही. तिच्या पिढीच्या पुष्कळ बायकांसारखे वाचताना तिचे ओठ हलतात. ताईचं पत्र मी पहिल्यांदा आईच्या ओठांवर वाचलं. ‘सहा वर्षं आईला विचारते आहे.’ मग काही शब्द सुटले. ‘अजून माझ्यावर रागावलेला आहे का.’ मग पुन्हा सुटले. ‘आई म्हणते तो विषय काढू नकोस.’ इथे ओठ थांबले. आईनं कागदाची मधोमध घडी घातली. मी हात पुढे केला. तिनं घडी पुन्हा उलगडली आणि कागद दिला.

ताईनं लिहिलं होतं की सुई तिनं टोचली म्हणून माझे कान गेले, हे तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. ती दर रविवारी आईला विचारते, त्याचा राग गेला का, आणि आई दर वेळी म्हणते, तू परेशान होऊ नकोस, तो ठीक आहे. रागावलेला नाही असं मात्र आई एकदाही म्हणाली नाही. म्हणून ती ग्वाल्हेरला येत नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंच नव्हतं. पत्र टाकायचं तिनं पुष्कळदा ठरवलं, पण पत्र पोस्टात पडल्यावर ते वाचलं गेलं की नाही याची वाट पाहत पंधरा दिवस काढणं तिच्यानं होत नव्हतं.

तिसऱ्या पानावर चार ओळी होत्या. ‘आणि एक गोष्ट आईलाही माहीत नाही. इंजेक्शनं सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला होता. एका संध्याकाळी तू मला म्हणाला होतास की’ एवढ्यावर लाईट गेली होती. खाली पान कोरं होतं.

मी आईला विचारलं, “ती दर रविवारी हेच विचारायची?”

आईनं मान डोलावली.

“मग मला का नाही सांगितलं?”

ती बोलायला लागली, पण तिची हनुवटी हलत होती आणि मला काही कळेना. मी पाठकोरा कागद आणि पेन दिलं. तिनं लिहिलं, ‘पहिल्या वर्षी ताईचं नाव काढलं की तू ताटावरून उठायचास. मी तिला सांगितलं विषय काढू नकोस. तुलाही सांगायचं नाही ठरवलं.’

“पण ते पहिल्या वर्षी. नंतर?”

तिनं पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं, ‘नंतर बदलायचं राहून गेलं.’

ताटावरून उठायचो ते मला आठवत होतं. आई खोटं बोलत नव्हती. तिनं एक दार लावलं होतं तेव्हा त्याची गरज होती, पुढे ते उघडायचं कोणी सांगितलं नाही. मी तरी कुठे सांगितलं होतं. ताई बरी आहे एवढं ऐकून मी सहा वर्षं गप्प बसलो, त्यात माझी सोयच होती.

मी उत्तर लिहायला घेतलं. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. मी लिहिलं, ‘पहिलं वर्ष रागावलो होतो. तुझ्यावर, डॉक्टरांवर, आईवर. पंख्यावरसुद्धा, कारण तो फिरताना दिसायचा आणि आवाज यायचा नाही. नंतर कामं यायला लागली आणि रागावायचं मागे पडलं. ते तुला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. तिसरं पान चार ओळींनंतर आलं नाही, इथे लाईट गेली. परत पाठव.’ आईनं वाचलं, ओठ हलवत. मग पेन घेऊन खाली स्वतः लिहिलं, ‘चूक माझी आहे. आई.’ तिनं कोणाला असं लिहून दिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

खालच्या वहिनींचं दुकान तोवर बंद झालेलं होतं. पण त्यांचं फॅक्सचं यंत्र सुरू असावं, कारण पहिल्याच प्रयत्नात पान गेलं. आईनं विचारलं, “पोचलं?” मी म्हणालो, “पोचलं.” ती म्हणाली, “आवाज पण नाही झाला.” दुकानदार म्हणाला होता ती शिट्टी खरंच वाजली नव्हती का, हे मी तिला विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

शुक्रवारी आईनं फोन उचलला नाही. दुपारी रिंगिंग आलं तेव्हा ती उठून पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि चार घंट्या होईपर्यंत तिथेच हात मागे बांधून उभी राहिली. फॅक्स आला. एकच पान, आणि अक्षर ताईचं नव्हतं. ‘नमस्कार. काल यंत्र वाजलं म्हणून मी दुकान परत उघडलं, ताई रात्रीच कागद घेऊन गेल्या. आज गाडीत बसल्या आहेत. उद्या सकाळी पोचतील. तिसरं पान मी परत लावणार होते, त्या म्हणाल्या नको, तोंडी सांगते. खालच्या वहिनी.’

शनिवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो. ताई जाड झाली होती आणि तिनं चष्मा लावला होता. मला पाहिल्याबरोबर तिनं पदर तोंडावर धरला आणि बोलायला लागली. मी म्हणालो, “पदर काढ, मला दिसत नाही.” तिनं काढला. ती रडत होती, त्यामुळे तसंही काही कळलं नाही. एका हमालानं आमच्याकडे पाहून तळहात खाली दाबल्यासारखा केला, तेव्हा मला कळलं की मी ओरडून बोललो होतो.

दोन दिवस ती आईशी स्वयंपाकघरात बोलत होती आणि माझ्याशी इकडचं तिकडचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, “चल, बाड्यावर जाऊन येऊ.” महाराज बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकात, नेहमीची गर्दी होती. मधल्या बागेत आम्ही एका बाकावर बसलो. चारी बाजूंनी टेम्पो आणि फेरीवाले. ताईनं आजूबाजूला पाहिलं. म्हणाली, “इथे फार गोंगाट आहे.”

मी म्हणालो, “मला चालेल.”

मग ती माझ्याकडे पूर्ण वळून बसली आणि सावकाश, शुद्ध मराठीत, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता बोलली. तिनं तयारी केली होती हे दिसत होतं.

“एका संध्याकाळी मी सुई उकळत होते. तू म्हणालास, ताई, कानात शिट्टी वाजते. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, जाईल. मी नर्स होते. मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आणखी तीन आठवडे मी तुला टोचत राहिले.”

मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, कारण मला तिथेच पाहावं लागतं.

“तू म्हणाला होतास,” ती म्हणाली. “तुला आठवतं?”

मला आठवत होतं. स्टोव्हची निळी ज्योत आठवत होती, सुईचं लहानसं पातेलं आठवत होतं, आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणताना तिनं माझ्याकडे न पाहता पाण्यातली सुई चिमट्यानं उलटी केली तेही आठवत होतं. तो तिचा आवाज मी नीट ऐकलेल्या शेवटच्या काही आवाजांपैकी होता.

मी म्हणालो, “नाही. मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.”

“खरं?”

“तू दमून यायचीस. दुसऱ्या कोणा पेशंटनं म्हटलं असेल.”

ती बराच वेळ माझा चेहरा पाहत राहिली. ओठ वाचून वाचून मला लोकांचे चेहरे बरे कळतात, आणि तिचा विश्वास बसला नव्हता हे मला कळलं. पण मी असं म्हणालो हे तिला पुरलं असावं. तिनं पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाली, “इथे कचोरी अजून तशीच मिळते का?” आम्ही कचोरी खाल्ली. तशीच मिळत होती.

ताई आठ दिवस राहिली. त्यानंतर सात-आठ वर्षं गुरुवारी पाच ते सात आमचे फॅक्स चालले. आई भजनाला जायच्या आधी स्वतःचा मजकूर एका कागदावर लिहून स्कॅनरखाली ठेवून जायची. तो माझ्या मजकुरापेक्षा लांब असायचा, आणि ताईबद्दल तिला इतकं काही विचारायचं असतं हे मला तेव्हाच कळलं. झाशीच्या छापखान्याचं काम दोन वर्षांत सुटलं. फॅक्सचं कार्ड पुढे फक्त बहिणीसाठी राहिलं. ते बिघडलं तेव्हा मी इंदरगंजला त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “अब फैक्स कौन करता है?” पण त्यानं मागच्या खोलीतून एक जुनं कार्ड शोधून दिलं.

मग मोबाईल आले आणि मेसेज सोपे झाले. आई गेली. त्यानंतर घरचा फोन ठेवण्यात अर्थ नव्हता. वायर काढून न्यायला माणूस आला. त्यानं विचारलं की लाईन चालू आहे ना. मी त्याला सांगितलं, माहीत नाही, तूच ऐकून बघ.

मागच्या वर्षी ताईचा मोबाईलवर मेसेज आला. माझे सगळे फॅक्स तिनं एका फाईलमध्ये लावून ठेवले होते. खालच्या वहिनींच्या यंत्रातला तो गुळगुळीत, गुंडाळीचा कागद. फाईल उघडली तर सगळी पानं पांढरी झाली होती. त्या कागदावरची अक्षरं उडतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, ‘तुझ्याकडे काही आहे का?’

माझ्याकडे सगळं होतं. स्कॅन केलेलं प्रत्येक पान मी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर आणि नव्यावरून त्याच्या पुढच्यावर नेत आलो आहे. मी ती पानं तिच्या फोनवर पाठवली. ती म्हणाली, अक्षर बारीक दिसतं, वाचवत नाही. मग मी सगळी छापली, साध्या जाड कागदावर, दोन बाजूंनी नाही, एकाच. आईची पानं वेगळी काढली आणि वर ठेवली. गठ्ठा बराच झाला. बाड्यावरच्या पोस्टात वजन करणाऱ्या बाईनं विचारलं, “इसमें क्या है?”

मी म्हणालो, “फैक्स.”

तिनं मला पुन्हा विचारलं, या वेळी जरा सावकाश, ओठ नीट उघडून. मीही पुन्हा तेच सांगितलं. तिनं पाकिटावर शिक्का मारला आणि पावती दिली. सहाव्या दिवशी ताईचा मेसेज आला की गठ्ठा मिळाला, ती आईच्या पानांपासून सुरुवात करणार आहे, आणि रोज दोनच वाचणार आहे.